हेराल्डला स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन टाकलं आणि पुढचं उडायला लागलं, अलाइनमेंट करूनही परत परत तेच : काय काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची जुनी गाडी असंच करत असेल तर लगेच ओळखता येईल. सिमेंटच्या रस्त्यावर दर जॉइंटला पुढचं टक टक करत उडतं, खड्ड्यात चाक गेलं की खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो, ६० च्या पुढं गेलं की खाचखळग्यात गाडी आपोआप डावी-उजवीकडं भरकटते आणि स्टिअरिंग सारखं धरून बसावं लागतं, आणि पुढच्या टायरवर आडवा हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं लागतं. अलाइनमेंट केली की आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा सगळं जसंच्या तसं. आमच्याकडं हे जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. शेवटी सुटलं, पण एका कारणाने नाही, एकाखाली एक अशी पाच कारणं दडलेली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९६४ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, आबांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ साली आलेली, मिकेलॉटी या इटालियन डिझायनरने आखलेली, आणि आपल्याकडं मद्रासला १९६१ पासून स्टँडर्ड नावाने बनायची. वेगळी चासी, पुढं डबल विशबोन (चाक धरायला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म) आणि शॉकॉप्सरभोवतीच बसलेली स्प्रिंग, म्हणजेच कॉइलओव्हर, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. त्या काळात आपल्या रस्त्यावर असलेल्या बाकीच्या गाड्यांच्या मानाने हा भाग आधुनिक होता. मागं मात्र आडवा एकच पाटा (पात्यांची स्प्रिंग) आणि स्विंग अ‍ॅक्सल, त्याची गोष्ट शेवटी.

माझा मामेभाऊ शारजाला असतो, त्याच्या माझदा एमएक्स-५ वरून त्याने चांगले अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर काढले होते, पुढचे दोन त्याने मला दिले. विचार केला की ती पण हलकी गाडी, पुढं डबल विशबोन, हेराल्डला पण डबल विशबोन, आणि हेराल्डला तर मुळातच कॉइलओव्हर आहे, मग अजून काय पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरमधून बुशच्या बाजूचे स्पेसर आणि वरची प्लेट टर्न करून घेतली, चासीला कुठंही कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, दोन दिवसात बसलं. दिसायलाही झकास, गाडी पुढून ३५ मिमी खाली बसली. आणि पहिल्याच फेरीत रंकाळ्यापर्यंत जाईस्तोवर आबा म्हणाले, "अरे ही आपली गाडी न्हवं ही."

पहिल्यांदा सगळे करतात तेच मीही केलं. शॉकॉप्सरच्या नॉबला सोळा क्लिक होते, ते सगळ्यात नरम केले. उडणं कमी झालं नाही, उलट गाडी होडीसारखी हलायला लागली. मग सगळ्यात कडक केले तर दात वाजायला लागले. मग कुणीतरी सांगितलं की खालची रिंग फिरवून स्प्रिंग सैल कर म्हणजे नरम होईल. हे इथंच स्पष्ट सांगतो कारण हा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकलाय : रिंग फिरवून स्प्रिंग नरम किंवा कडक होत नाही. १० किलोची (म्हणजे १० किलोला एक मिमी दबणारी) स्प्रिंग, रिंग कुठंही ठेवली तरी १० किलोचीच राहते, फक्त गाडी वर-खाली होते. आणि गाडी खाली झाली की नवीनच दुखणं सुरू होतं, ते पुढं येईलच. त्यात नवीन टायर झाले, तीन वेळा अलाइनमेंट झाली.

मग एका रविवारी ठरवलं की आता नवीन काही विकत घ्यायचं नाही, फक्त मोजायचं.

आधी जुने पार्ट बघायचे, नवे नंतर. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पुढची दोन्ही चाकं उचलून घोडीवर घेतली, एकाला स्टिअरिंग हलवायला बसवलं आणि मी खाली बॅटरी घेऊन झोपलो. हेराल्डचा रॅक चासीला यू बोल्टने बांधलेला असतो आणि मधे रबर असतं. स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवलं की चाक हलायच्या आधी अख्खा रॅकच चार-पाच मिमी सरकत होता. रबर वर्षानुवर्षं इंजिनचं ऑइल पिऊन फुगलेलं, बोटानं दाबलं तर ओल्या चपातीसारखं. अलाइनमेंट टिकत नव्हती त्याचं मोठं कारण हेच, मशीनवर आकडा बरोबर यायचा आणि रस्त्यावर रॅक हलला की आकडा गेला. जुन्या नरम स्प्रिंगवर ते लक्षात येत नव्हतं, कडक स्प्रिंगने रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ तिथं पोचवला. रबर बदललं, ऑइल गळती बंद केली, भरकटणं अर्ध्यावर आलं.

तिथंच असताना ट्रनियन बघा. हेराल्डला खाली बॉल जॉइंट नसतो, व्हर्टिकल लिंकच्या (चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या) खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ब्राँझच्या ट्रनियनमध्ये फिरतात. त्यात ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. आपल्याकडं ग्रीसगन दिसली की जो तो ग्रीस मारतो, ते आट्यांमध्ये घट्ट होऊन बसतं, आत पाणी शिरतं, आटे गंजतात आणि मग एक दिवस लिंक आट्यातूनच तुटते आणि चाक आडवं होतं. कडक स्प्रिंग, रुंद टायर, बाहेर आलेली रिम, हे सगळं त्याच आट्यांवर जादा भार टाकतं. म्हणून कुठलाही स्पोर्ट्स पार्ट टाकायच्या आधी ट्रनियन काढून धुऊन आटे डोळ्याने बघितलेच पाहिजेत, जरा खड्डे पडलेले दिसले तर लिंक बदला, यात काटकसर नको. आणि ही लिंक टाकाऊ आहे असं कुणी म्हणालं तर सांगा की लोटसने इलॅनसारख्या गाडीच्या पुढच्या चाकाला ट्रायम्फचीच लिंक वापरली होती. मूळ रचना चांगली आहे, फक्त तिला ऑइल पाहिजे.

आता मुख्य गोष्ट.

शॉकॉप्सरच्या चकचकीत शाफ्टला एक बारीक झिप टाय बांधा, बॉडीला टेकवून ठेवा, आणि नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. शाफ्ट जितका आत जाईल तितका झिप टाय वर ढकलला जातो आणि तिथंच राहतो. पाच रुपयांची वस्तू आहे पण या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त तिनेच सांगितलं. मी पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, खाली वाकून बघितलं तर झिप टाय सरळ बंप स्टॉपच्या रबरात जाऊन चेपलेला. मग मोजलं. गाडी सपाट उभी असताना बंप स्टॉपपर्यंत शाफ्ट फक्त १४ मिमी शिल्लक होता. म्हणजे स्प्रिंगला काम करायला १४ मिमी, त्यापुढं गाडी रबराच्या ठोकळ्यावर. मी ज्याला कडक स्प्रिंग समजत होतो तो अर्ध्या वेळेला बंप स्टॉप होता.

हे कसं झालं तर गाडी खाली घेताना मी स्प्रिंगखालच्या त्याच रिंगने घेतली, म्हणजे स्प्रिंगचं बूड खाली सरकवलं. तसं केलं की गाडीबरोबर शाफ्टही आत जातो आणि प्रवास संपतो. चांगल्या कॉइलओव्हरला खालचा कंस वेगळा फिरतो, तो आत-बाहेर केला की बॉडीचीच लांबी बदलते. गाडी खाली घ्यायची तर कंस आत फिरवायचा, शाफ्ट आहे तिथंच राहतो. विकत घेताना हे नक्की विचारा, ज्याला फक्त रिंग आहे आणि कंस पक्का आहे तो जुन्या गाडीच्या प्रोजेक्टला घेऊ नका, कारण त्याची लांबी दुसऱ्या गाडीच्या मापाने ठरलेली आहे आणि तुमच्या गाडीत ती जुळण्याची शक्यता कमीच.

मग स्प्रिंग. स्प्रिंगवर आकडे छापलेले असतात, माझ्यावर होते ६२-१८०-१०, म्हणजे आतला व्यास ६२ मिमी, लांबी १८० मिमी आणि १० किलो वजनाला एक मिमी दबणार. हा आकडा स्प्रिंगचा झाला, चाकाचा नाही, आणि गडबड सगळी इथंच होते. स्प्रिंग चाकावर उभी नसते, ती आर्मच्या मधे कुठंतरी उभी असते, त्यामुळं चाक जितकं वर जातं तितकी स्प्रिंग दबत नाही. किती दबते ते प्रत्येक गाडीचं वेगळं, आणि ते मोजायला एक तास पुरतो. स्प्रिंग काढून फक्त शॉकॉप्सर लावा, जॅकने चाक ६० मिमी वर उचला, शॉकॉप्सर किती आत गेला ते वर्नियरने बघा. माझ्याकडं ३३ मिमी आला. ३३ भागिले ६० म्हणजे ०.५५. आता याचा वर्ग करायचा, कारण स्प्रिंग कमी दबते हे एकदा आणि तिचा जोर आर्मच्या तरफेने कमी होऊन चाकाला पोचतो हे दुसऱ्यांदा. ०.५५ चा वर्ग ०.३. म्हणजे १० किलोची स्प्रिंग माझ्या चाकाला ३ किलोची.

मग वजन. हायवेच्या कडेला ट्रकचा वजनकाटा असतो तिथं गेलो, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. मी आत बसून आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून पुढं ४२० आणि एकूण ८७० किलो भरली, म्हणजे मागं ४५०. काट्यावरच्या माणसाला जरा नवल वाटलं पण पावती दिली त्याने. पुढच्या एका चाकावर २१०, त्यातून चाक, टायर, ब्रेक, लिंक असं जे स्प्रिंगच्या खाली लटकतं त्याचे ३० वजा केले, राहिले १८०. स्प्रिंग फक्त या १८० ला उचलते.

आता साधा हिशोब, कॅल्क्युलेटर पुरतो. १८० भागिले ३ म्हणजे ६० मिमी. १५.८ ला (मिमीत मोजलं की हा ठरलेला आकडा, गुरुत्वाकर्षणातून येतो) या ६० च्या वर्गमुळाने भागा, उत्तर येतं २ च्या जरा वर. हा आकडा म्हणजे गाडीचं नाक एका सेकंदात स्वतःहून किती वेळा वर-खाली होऊ बघतं तो. घरच्या आरामाच्या गाडीला साधारण १ ते १.३, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीला दीडच्या आसपास, आणि २ आला की ती रेस ट्रॅकची गाडी झाली. माझ्या मूळ स्प्रिंगा २.७ किलोच्या निघाल्या, त्यांचा हिशोब १.०६ येतो. म्हणजे मी आबांच्या गाडीचं नाक एका दिवसात १ वरून २ वर नेलं होतं, पावणेचारपट कडक, तेही आपल्या रस्त्यावर. एमएक्स-५ चा दोष नाही, त्या स्प्रिंगा माझ्या भावाने ट्रॅकसाठी घेतल्या होत्या, त्याच्या गाडीचे आर्म वेगळे, वजन वेगळं.

मला १.३ च्या आसपास पाहिजे होतं, उलटा हिशोब केला तर ४ किलोची स्प्रिंग. चाकाला १.२ किलो, १८० भागिले १.२ म्हणजे १५० मिमी, उत्तर १.२९. छान. पण इथं अजून एक खाच आहे जी मला उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दाखवली. ते म्हणाले, "नरम स्प्रिंग म्हंजी लांब स्प्रिंग, मालक. आखूड घ्याल तर दबून दबून सगळं येटोळं एकाला एक चिकटंल." बरोबर आहे. १८० किलो तरफेमुळं स्प्रिंगवर ३२७ किलो होऊन पडतात. १० किलोची स्प्रिंग त्याने ३३ मिमी दबते, ४ किलोची ८२ मिमी. वर खड्ड्यासाठी अजून जागा पाहिजे. म्हणून १८० ऐवजी २५० मिमी लांबीची घेतली. आणि यातूनच तो लोखंडावर लोखंड आपटण्याचा आवाजही उलगडला : माझा शॉकॉप्सर खालच्या बाजूला ५१ मिमी उघडत होता पण स्प्रिंग तर ३३ मिमीच दबलेली, म्हणजे चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग जवळजवळ १८ मिमी सैल, जागेवरून सुटलेली, आणि चाक परत वर आलं की ती रिंगवर आपटायची. मी तीन महिने त्या आवाजासाठी बुश बदलत होतो.

स्प्रिंग विकत घेताना आकड्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. बाजारात ज्या येतात त्यातल्या बऱ्याचशांवर ४ लिहिलेलं असतं आणि निघते भलतीच. मिस्त्रींनी ड्रिल मशीनच्या टेबलावर धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा ठेवला, त्यावर स्प्रिंग, आत एक पाइप घातलेला म्हणजे ती उडून अंगावर येणार नाही, आणि वरून सावकाश दाबत आणली. काटा आधी शून्य केला, दर १० मिमीला वजन लिहिलं. ४१, ८१, १२२. ठीक आहे. दुसरीने ४४, ८७, १३१ दाखवलं, ती परत पाठवली, कारण डावी-उजवीत एवढा फरक असला की ब्रेक मारल्यावर आणि वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

गाडी २० मिमी वर घेतली, म्हणजे शाफ्टवर ११, आणि खालचा कंस ५ मिमी आत फिरवला, असे मिळून बंप स्टॉपच्या आधी ३० मिमी शाफ्ट मोकळा झाला. चाकाच्या भाषेत ५५ मिमीच्या जवळपास. खाली ३५ मिमी उघडतो, स्प्रिंग ८२ दबलेली, म्हणजे सैल व्हायचा प्रश्नच नाही. आवाज त्याच दिवशी बंद.

आणि महिन्याभरात गाडी पुन्हा कडक वाटायला लागली! खरं सांगतो, त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. एखाद-दुसऱ्या खड्ड्यात काही नाही, पण ओळीने पाच-सहा खड्डे आले, कोकणात उतरताना येतात तसे, की तिसऱ्या-चौथ्यानंतर नाक खालीच बसून राहायचं आणि मग धडाधड. झिप टाय परत बंप स्टॉपमध्ये. याचं कारण शॉकॉप्सर. तो आतून १० किलोच्या स्प्रिंगसाठी भरलेला होता. शॉकॉप्सरचं काम स्प्रिंग परत उघडताना तिला आवरणं, आणि १० किलोच्या पैलवानाला आवरणारा हात ४ किलोच्या पोराला उठूच देत नाही. चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग अजून थोडं वर, अजून थोडं वर. नॉब सगळ्यात नरम करून फरक पडला पण पुरला नाही. स्प्रिंग १० वरून ४ वर आली तर शॉकॉप्सरचा जोर त्याच प्रमाणात नाही, वर्गमुळाने कमी करायचा, म्हणजे सुमारे ६३ टक्के. पुण्यात रेसच्या मोटारसायकलींचे शॉकॉप्सर उघडून आतल्या पातळ चकत्या बदलणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडं मोजमापाचा कागद दिला, वजन, ०.५५, ४ किलो, सगळं. त्याने चकत्यांची थप्पी बदलली, ऑइल आणि नायट्रोजन नवीन भरून दिला. म्हणून कॉइलओव्हर घेतानाच बघा की तो उघडता येतो का. ज्याची बॉडी कायमची बंद केलेली आहे तो कितीही भारी कंपनीचा असला तरी दुसऱ्या गाडीला लावायच्या कामाचा नाही.

राहिलं भरकटणं. रॅकच्या रबराने अर्धं गेलं होतं, उरलेलं अर्धं बंप स्टिअरचं. म्हणजे स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना नुसतं चाक वर-खाली झालं की ते आपोआप आत किंवा बाहेर वळतं. टाय रॉड आणि आर्म आपापल्या गोलाईत फिरतात, त्या दोन गोलाया जुळल्या तर चाक सरळ राहतं. मूळ उंचीवर कंपनीने ते जुळवलेलं असतं, गाडी खाली घेतली की तुम्ही त्या गोलाईच्या दुसऱ्याच भागात जाता. हबला प्लायवुडचा चौकोनी तुकडा बोल्टने लावला, त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज टेकवला, स्प्रिंग काढून जॅकने दर १० मिमीला चाक वर घेत दोन्ही गेजचा फरक लिहीत गेलो. ४० मिमीत जवळजवळ ४ मिमी फरक येत होता, करवतीसारखा टायर त्यामुळंच. रॅकच्या खाली वेगवेगळ्या जाडीचं पॅकिंग देऊन बघितलं, डावी-उजवीकडं अगदी समान, एक वाढवला तर दुसराही. ६ मिमीला फरक एक मिमीच्या आत आला. दोन संध्याकाळी गेल्या पण अलाइनमेंटच्या मशीनवर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथं गाडी उभी असते.

याच कारणासाठी मॉडर्न गाडीचा अख्खा नकल (knuckle), म्हणजे लिंक, हब, स्टिअरिंग आर्म असा संच हेराल्डसारख्या गाडीला लावायचा मोह टाळा असं माझं ठाम मत आहे. मीही विचार केला होता, मोठी डिस्क मिळते, बॉल जॉइंट मिळतो, ट्रनियनची कटकट जाते. पण स्टिअरिंग आर्मची जागा बदलली की बंप स्टिअरची गोलाई पूर्ण बदलते, नुसत्या पॅकिंगने ती जुळत नाही, मग रॅक हलवा, मग चासी कापा. स्प्रिंग आणि शॉकॉप्सर मॉडर्न घ्या, लिंक आणि आर्म त्याच घराण्यातले ठेवा. ट्रायम्फचीच स्पिटफायर १९६२ साली हेराल्डच्याच पायावर आली, तिचे पुढचे पार्ट आजही नवीन बनतात आणि बोल्टला बोल्ट बसतात. त्यासाठी वेगळं काही शोधायची गरज नाही. रिमचंही तसंच, १३ इंची मूळ रिमपेक्षा फार बाहेर आलेली रिम लावली की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि भार पुन्हा त्या ट्रनियनवर.

रोज जॉइंटबद्दल (रबर बुशऐवजी लोखंडी गोळा असलेला सांधा) एवढंच की आपल्या धुळीत आणि पावसाच्या चिखलात उघडा रोज जॉइंट एका सीझनमध्ये वाजायला लागतो. कॉइलओव्हरच्या दोन्ही टोकांना मी रबर बुश ठेवलेत आणि समाधानी आहे.

आता मागचं. मागं स्विंग अ‍ॅक्सल असल्यामुळं चाक अ‍ॅक्सलबरोबरच झुकतं. माझ्या मोजणीत मागून २५ मिमी खाली घेतली की कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, अडीच अंशाने बदलतो, टायर आतून खाणार हे नक्की. आणि वळणात मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं वर उचललं जाऊन चाकं आत दुमडतात, ही या गाडीची जुनी आणि खरी धोकादायक खोड. त्यावर इलाज कडक स्प्रिंग नाही, उलट मागं कडक पाटा टाकला तर ती खोड वाढते. ट्रायम्फने १९७० च्या मार्क फोर स्पिटफायरला जो इलाज केला तो योग्य, पाट्याची मधली पकड बदलून बहुतेक पाती मधल्या खिळीवर झुलती ठेवली, म्हणजे वळणात गाडी कलताना मागची बाजू कमी विरोध करते. आपल्याकडं १९७२ साली आलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये तर मागं सरळ अखंड अ‍ॅक्सलच दिला.

पण मागचं मोजणं पुढच्यासाठीही लागतं. मागची सीट काढून अ‍ॅक्सलच्या बरोबर वर सिमेंटची दोन पोती ठेवली, १०० किलो, गाडी ३५ मिमी दबली. म्हणजे एका चाकाला १.४३ किलो. मागच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन १९० धरलं तर उत्तर येतं १.३७. मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त पाहिजे, हे मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये असताना दाखवून दिलं, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागचं उशिरा हलायला लागतं, ते जरा जलद असलं तरच पुढच्याला गाठतं आणि गाडी झुलत नाही. माझं पुढं २ आणि मागं १.३७ होतं तेव्हा नेमकं उलटं होतं, म्हणून प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी मान हलवत बसायची. आता १.२९ आणि १.३७.

कागदपत्रांचं एक. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहे आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टाने ती अजून स्पष्ट केली. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असायला हवं आणि ती रोज वापरता येत नाही. म्हणून मूळ स्प्रिंगा, शॉकॉप्सर, वॉशरसुद्धा ऑइल लावून डब्यात ठेवलेत, बाहेर डब्यावर तारीख लिहून, आणि जे लावलंय ते चार तासात परत काढता येतं. चासीला नवीन भोक एकही नाही.

गेल्या महिन्यात आबांना शेजारी बसवून आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जाऊन आलो. नवीन टायरवर दोन हजार किलोमीटर झालेत, हात दोन्ही बाजूंनी सारखाच गुळगुळीत फिरतो. घरी आल्यावर बॅटरी घेऊन खाली वाकलो. डाव्या झिप टायच्या पुढं बंप स्टॉपपर्यंत १२ मिमी शाफ्ट कोरडा, न वापरलेला शिल्लक होता. उजव्याच्या पुढं ११.